'थक्क करणाऱ्या १० वेबसाइट' जरा बाजूला ठेवा

'या १० वेबसाइट तुम्हाला माहीतच नसतील' ही यादी पुन्हा फिरायला लागलीय. निम्म्या साइट दोन क्लिकांत संपतात. उरलेल्या खरंच भारी असतात, पण यादी करणारा नाव टाकून मोकळा होतो. कुठे काय दाबायचं, कुठे गाडी अडते, याबद्दल अवाक्षर नाही. माझं मत विचाराल तर खरी मजा थोडं शिकून घ्यावं लागणाऱ्या साइटवरच आहे.

वेबॅक मशीन घ्या. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचं हे जुन्या वेबपानांचं कोठार २००१पासून सगळ्यांना खुलं आहे. लोक तिथे जाऊन बातमीचा मथळा शोधतात, काही सापडत नाही आणि निघून जातात. तिथे मजकुरातून शोध होत नाही, पानाचा पत्ता लागतो. नेमका पत्ता माहीत नसेल तर साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि फुली (*) टाका. जतन झालेल्या पत्त्यांची यादी येते आणि ती चाळायला वर एक चौकट असते. कॅलेंडरवर निळा गोल म्हणजे पान नीट साठवलंय, हिरवा म्हणजे ते दुसरीकडे वळवत होतं, नारिंगी म्हणजे तेव्हाच ते सापडत नव्हतं. पान उघडलं की पत्त्यातले १४ आकडे वाचा: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद. वेळ ग्रिनिचची असते, साडेपाच तास मिळवा. वादात पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांनी हे नक्की बघावं, कारण मजकूर एका दिवसाचा आणि त्यातले फोटो भलत्याच दिवसाचे असं सर्रास होतं.

मराठीची अडचण वेगळी. २०००च्या आसपासची मराठी पानं उघडली की टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि ट्रेडमार्कच्या खुणा दिसतात. पान बिघडलेलं नसतं. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फाँट गेला की उरतो तो हा सांगाडा. पानाचा सोर्स (पानामागचा कोड) उघडा, त्यात फाँटचं नाव मिळेल. मग त्याच फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा. 'श्रीलिपी'चा कन्व्हर्टर 'डीव्ही-टीटी योगेश'ला चालत नाही. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांचे चौकोन दिसत असतील तर कॉपी करू नका. ब्राउझरने एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकीचं धरलंय आणि कॉपीत मूळ अक्षरं कायमची जातात. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार हाताने तपासा. या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी यायची आणि रफार नंतर, त्यामुळे साधे कन्व्हर्टर तिथेच गडबडतात.

दुसरी जागा ट्रेकर मंडळींना ठाऊक असेल: टेक्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवलेले अमेरिकन लष्कराचे भारताचे नकाशे, 'यू५०२' मालिका. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. पुणे-सातारा भागाच्या शीटचे क्रमांक 'एनई ४३'ने सुरू होतात, नागपूरचे 'एनएफ ४४'ने. हे नकाशे १९५०च्या दशकातले, त्यामुळे उजनी धरणाचा फुगवटा त्यांत नाहीच. पळसदेवच्या बाजूला भीमा साधी नदी म्हणून वाहताना दिसते. आता गूगल अर्थ प्रो (कॉम्प्युटरवरचं, फुकट) उघडा आणि 'अॅड'मधून 'इमेज ओव्हरले' निवडा, म्हणजे जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर पसरता येतो. त्याआधी शीटच्या पांढऱ्या कडा छाटून फक्त हवा तेवढा भाग ठेवा. अख्खी शीट टाकलीत तर प्रोग्रॅम ती लहान करून घ्यायला सांगतो आणि गावांची नावं वाचता येत नाहीत. मग न हललेल्या गोष्टी जुळवा: दौंड जंक्शन, रेल्वेचे पूल, डोंगरमाथे. नदीकाठ धरून जुळवायला जाऊ नका, तोच तर बुडालाय. पारदर्शकतेची पट्टी सरकवली की धरणाखाली काय गेलं ते उलगडत जातं. इंचन् इंच जुळेल अशी अपेक्षा मात्र नको.

शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आहे, शेजारी दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही. शब्द सापडत नाही अशी तक्रार असते, कारण आपण आजचं शुद्धलेखन वापरतो. 'नाव' नाही, 'नांव' टाका. त्याहून मजेचं म्हणजे मोल्सवर्थमध्ये पूर्ण नोंदीत शोधायचा पर्याय निवडून म्हशीसाठीचा इंग्रजी शब्द टाका. म्हशीची शिंगं, रंग, दूध देण्याच्या तऱ्हा यांचे ठेवणीतले शब्द एकामागून एक येतात.

पृथ्वीच्या गोलावर ठिपके दाबून जगभरची रेडिओ स्टेशनं ऐकवणाऱ्या रेडिओ गार्डनबद्दल सगळ्यांनी लिहिलंय. हिरवा ठिपका दाबून आवाज आला नाही तर दोष तुमच्या फोनचा असेलच असं नाही, बरेचदा त्या स्टेशनचं प्रक्षेपणच बंद असतं.

वाऱ्यांचा नकाशा दाखवणारी 'अर्थ नलस्कूल' पावसाळ्यात जरूर बघा. फक्त डाव्या कोपऱ्यातला 'अर्थ' हा शब्द दाबून उंची ८५० हेक्टोपास्कल करा (तिथे उंची हवेच्या दाबात मोजतात), म्हणजे साधारण दीड किलोमीटर. जून-जुलैत सोमालियाकडून कोकणावर येणारा वाऱ्याचा झोत तिथे सगळ्यात ठसठशीत दिसतो. त्या हलत्या रेघा थेट प्रक्षेपण नव्हेत, हवामान मॉडेलचं गणित आहे, आणि त्यातला एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा असतो. तुमच्या घाटातला वारा त्यात शोधू नका.