चेहरा लाल म्हणजे बीपी हाय नव्हे: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आम्हा मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतोय. त्यात सांगितलंय ते असं: नाक-गाल सतत लाल राहत असतील तर रक्त तापलंय, बीपी वाढलंय. मीठ बंद करा. घरात कुणाची बीपीची गोळी असेल तर अर्धी घ्या. चहा-कॉफी कायमची सोडा. रोज वाफ घ्या, वर लिंबू-बेसनाचा लेप लावा. तरी लाली गेली नाही तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, दोन दिवसांत चेहरा साफ होतो. आणि टॉवेल वेगळा ठेवा, ही लाली दुसऱ्याला लागते.

मला रोसेशिया, म्हणजे नाक-गाल लाल राहण्याचा कातडीचा आजार आहे आणि माझं बीपी कायम लो असतं. या संदेशातला जवळजवळ प्रत्येक सल्ला माझ्यासारखीला घेरी आणेल किंवा तिचा चेहरा बिघडवेल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘लाल चेहरा म्हणजे बीपी वाढलं’ हे पहिलं वाक्यच चुकीचं आहे आणि बाकीचा सगळा संदेश त्यावर उभा आहे. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा चेहऱ्यावर दिसत नाही, म्हणून तर दंडाला पट्टा बांधून मोजावं लागतं. चेहऱ्याची लाली कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलल्यामुळं येते. रोसेशियात त्या ऊन, चुलीची धग, तिखट, दारू, गार वारा, मनस्ताप अशा कशानंही चटकन फुलतात आणि लवकर आकसत नाहीत. पुढं लाली कायमची बसते, गालांवर तांबड्या रेघा दिसायला लागतात, कधी पुटकुळ्या येतात. त्या मुरमांसारख्या दिसल्या तरी त्यांच्याबरोबर मुरमांतले काळे-पांढरे ठिपके नसतात. रक्त तापण्याचा इथं काही संबंध नाही. हा कातडीचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे.

बीपी म्हणजे धमन्यांतला दाब. कातडीतल्या वाहिन्या फुलल्या की तो दाब वाढत नाही, उतरला तर उतरतोच. कढत पाण्यानं अंघोळ करून बाहेर आल्यावर तोंड लालबुंद आणि त्याच वेळी डोळ्यांपुढं अंधारी येते ती यामुळंच. मात्र लो बीपीमुळं रोसेशिया होतो किंवा रोसेशियामुळं बीपी उतरतं, असंही नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत. एकाच अंगात आले की एकाचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो, अडचण ती आहे.

आणि आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली पुष्कळदा दिसतही नाही. चेहरा तांबूस-तपकिरी वाटतो, पण आग होते, कातडी ओढल्यासारखी होते, साधा साबणसुद्धा झोंबतो. शेतात राबणाऱ्या बाईला ‘ऊन लागलंय’ एवढंच सांगून परत पाठवतात आणि वर्षं निघून जातात. मला याचा फार राग येतो.

आता मीठ. ज्याचं बीपी खरोखर हाय आहे त्यानं मीठ कमी करावं, यात वाद नाही. निरोगी मोठ्या माणसालाही जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पण मीठ एकदम बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे. जिचं बीपी ९०/६० च्या खाली असतं आणि उठताना तोल जातो, तिनं एप्रिलच्या उन्हात मीठ सोडलं, त्यात निर्जळी एकादशी धरली, तर ती देवघरासमोरच कोसळायची. अशा माणसाला डॉक्टर कधी कधी उलट मीठ आणि पाणी वाढवायला सांगतात. तेही किडनी आणि हृदय तपासूनच, म्हणून आपल्या मनानं मीठ वाढवूही नये. मुळात बीपी का उतरतं ते आधी बघावं लागतं: पाणी कमी पडतंय, अंगात रक्त कमी आहे, एखादं औषध चालू आहे, की आणखी काही. नुसता आकडा कमी आहे आणि त्रास काहीच नाही, तर पुष्कळांना उपचारही लागत नाहीत. मोजताना एक गोष्ट मागून घ्या: पाच मिनिटं आडवं झोपून एकदा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. गावातल्या आरोग्य केंद्रातही हे होतं, त्यासाठी बेळगावला यायची गरज नाही.

संदेशातला सगळ्यात घातक सल्ला गोळीचा. आपल्याकडं सासऱ्यांची गोळी सून घेते, आईची गोळी लेक घेते, ‘अर्धीच तर आहे’ म्हणून. घराघरात असते ती गोळी बहुधा अॅम्लोडिपिन. ती रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवते, आणि तोंड लाल होणं, गरम वाफा आल्यासारखं वाटणं हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. म्हणजे लाली घालवायला घेतलेली गोळी लाली वाढवणार, आणि आधीच उतरलेलं बीपी आणखी खाली नेणार. अक्का, काकू, हात जोडून सांगते, दुसऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नका.

जे संदेशात नाही आणि असायला हवं होतं, ते इथंच सांगते. स्किनच्या डॉक्टरांकडं गेलात की ‘माझं बीपी लो असतं’ हे पहिल्या वाक्यात सांगा. चेहऱ्याचं दाखवायला गेलोय, बीपीचं कशाला सांगायचं, असं वाटतं. पण रोसेशियाची काही औषधं बीपीशी थेट जोडलेली आहेत. लाटेसारखी लाली येणाऱ्यांना कधी कधी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल देतात. ती मुळात हृदयाची-बीपीची औषधं, बीपी आणि नाडी दोन्ही उतरवतात. ब्रिमोनिडिनचं जेल लावलं की वाहिन्या काही तासांपुरत्या आकसतात, पण उभं राहिल्यावर ज्यांचं बीपी पडतं त्यांनी ते जपून वापरावं अशी सूचना आहे, आणि काहींना जेलचा असर उतरल्यावर लाली दुप्पट जोरानं परतते. याउलट मेट्रोनिडॅझोल, अॅझेलेइक अॅसिड, आयव्हरमेक्टिन ही लावायची औषधं पुटकुळ्यांवर चालतात आणि त्यांनी सहसा बीपी हलत नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन दिलं तर भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, ऊन टाळावं, आणि दिवस गेले असतील तर आधी सांगावं.

चहा-कॉफी सोडायचं कारण नाही. कपातली उष्णता लाली आणते, कॉफी नव्हे. १९८१ मध्ये हे तपासून पाहिलं गेलं: नुसतं कढत पाणी प्यायल्यावरही लाली आली, तीच कॉफी निवल्यावर दिली तर आली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ८२,७३७ परिचारिकांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष तर असा, की जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोसेशिया कमी आढळला. म्हणून कॉफी हे औषध ठरत नाही, पण सकाळी बीपी उतरलेल्या बाईच्या हातून कप हिसकावून घेण्यातही अर्थ नाही. निववून प्यावा.

तिखटानं मात्र लाली खरंच येते. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या भाजायला घेतल्या, की धग आणि ठसका दोन्ही चेहऱ्यावर येतात. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. जेवणातलं तिखट किती सोसतं ते ज्याचं त्यानं ठरवावं, सगळ्यांना सारखं लागत नाही.

वाफ आणि लिंबू यांबद्दल फार लिहायची गरज नाही. वाफेची उष्णता वाहिन्या फुलवते, लिंबाचं आम्ल आधीच दुखावलेली कातडी जाळतं, बेसन घासून ती सोलवटते. न झोंबणारं सौम्य फेसवॉश, वास नसलेलं क्रीम आणि एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, एवढं पुरतं. भात लावणीच्या दिवसांत आभाळ झाकलेलं असलं तरी सनस्क्रीन लावावं.

ट्यूबवर मात्र थांबायला हवं, कारण आमच्या भागात चेहरे बिघडलेत ते याच ट्यूबनं. ‘खाजेची’ किंवा ‘गोरं व्हायची’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइड्स असतात. दोन दिवसांत चेहरा साफ दिसतो हे खरं आहे. म्हणूनच माणूस फसतो. काही आठवडे लावली की कातडी पातळ होते, ट्यूब थांबवली की आधीपेक्षा जास्त लाली आणि पुटकुळ्या उसळतात, की पुन्हा तीच ट्यूब. ज्यांना रोसेशिया नव्हता त्यांनाही अशानं रोसेशियासारखा चेहरा येतो. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. तरीही त्या काउंटरवरून मिळतात. जी लावतेय तिनं घाबरून एका दिवसात फेकून देऊ नये, ट्यूब हातात घेऊन डॉक्टरांकडं जावं.

लाली लागत नाही. टॉवेलानं नाही, जवळ बसल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. या एका ओळीमुळं सुनेचं पांघरूण वेगळं झालेलं घर मला माहीत आहे. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होणं, पापण्यांच्या कडा लाल होणं हेही रोसेशियाचं असू शकतं, त्याला ‘डोळे आलेत’ समजून घरात बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

शेवटी एक वेळ अशी आहे की लाली आणि उतरलेलं बीपी एकत्र आले तर खरंच जिवावर बेततं, आणि संदेश तिथंही लेप लावायला सांगतो. नवं औषध किंवा इंजेक्शन घेतल्यावर, गांधीलमाशी चावल्यावर, काही खाल्ल्यावर अचानक अंग लाल होऊन गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, घेरी आली, तर तो रोसेशिया नाही, जोराची अॅलर्जी आहे. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसतं ठेवा, एकदम उभं करू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.