बॉम्बला घड्याळ कशाला?

हेरपट एकट्याने बघावा. सासऱ्यांबरोबर बघू नये. त्यातून ते खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या हिशोब खात्यातून निवृत्त झालेले असतील, तर मुळीच बघू नये. आमचा टीव्ही मोठा, म्हणून शनिवारी रात्री सासू-सासरे सदाशिव पेठेतून कोथरूडला येतात. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात त्यांना न्यायची माझी छाती नाही. तिथले रसिक शेंगदाणा फुटला तरी वळून बघतात.

पडद्यावर लाल आकडे उलटे धावत असतात, नायक घामाघूम, आणि नेमका तेव्हाच शेजारून प्रश्न येतो, "जावईबापू, बॉम्बला घड्याळ कशाला?"

"किती वेळ राहिलाय ते कळायला, बाबा."

"कोणाला? ज्याने ठेवला त्याला ठाऊकच आहे. ज्याला उडवायचंय त्याला आगाऊ सूचना द्यायची काय गरज?"

बायको अशा वेळी चहा टाकायला उठते. मला उठता येत नाही, कारण जावई.

'गोल्डफिंगर' या जेम्स बाँडच्या सिनेमाने (१९६४) तर कहर केला. फोर्ट नॉक्स या अमेरिकी सरकारच्या सोन्याच्या कोठारातला बॉम्ब बरोब्बर ००७ वर, म्हणजे बाँडच्याच क्रमांकावर थांबला. मी खुशीत वळलो, तर थोड्याच वेळात बाँड म्हणाला की आणखी तीन टिक टिक झाल्या असत्या तर संपलंच होतं. सासऱ्यांनी रिमोट घेऊन सिनेमा मागे नेला. "सात दिसतंय, हा तीन म्हणतो. चारचा फरक!" आधी घड्याळ तीनवर थांबायचं होतं, मग गंमत म्हणून सात केलं आणि संवाद तसाच राहिला, हे मी शोधून सांगितलं. "म्हणजे व्हाउचर बदललं, लेजर तसंच," असं म्हणून ते इतके प्रसन्न झाले की चिवडा पुन्हा मागून घेतला.

मॅकगफिनपाशी मात्र आमचं कायमचं बिनसलं. मॅकगफिन म्हणजे ज्या वस्तूसाठी पात्रं जीव टाकतात ती. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याचं म्हणणं असं, की ती काय आहे, याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नसतं. कागद असो, सूत्र असो, नाहीतर 'डॉन'मधली लाल डायरी. (तिच्याबद्दल सासऱ्यांचा एकच सवाल: कार्बन कॉपी का नाही?) 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) सगळी पळापळ एका पुतळ्यात दडवलेल्या मायक्रोफिल्मसाठी आहे. तिच्यात काय, तर सरकारी गुपितं. बस्स. हा आपला सर्वांत पोकळ, म्हणून सर्वांत उत्तम मॅकगफिन, असं हिचकॉक अभिमानाने सांगे.

"कुठल्या खात्याची गुपितं?" सासरे.

"ते सांगत नाहीत, बाबा. तीच गंमत आहे."

"खात्याचं नाव नाही, जावक क्रमांक नाही, आणि माणसं डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या दगडी तोंडांवरून लोंबकळतायत!"

हिचकॉकचा खरा प्रेक्षक म्हणजे आमच्या सासूबाई. त्या मटार सोलत बघतात, वस्तू काय ते विचारतही नाहीत. टेबलाखाली बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो तिथे आहे हे आधी दाखवलं तर पंधरा मिनिटं तळमळतो, हे हिचकॉकचं गणित त्यांना कुणी शिकवलेलं नाही. 'नोटोरियस'मध्ये (१९४६) नायिका नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली लांबवते. वर मेजवानीत शँपेनच्या बाटल्या संपत चाललेल्या, खाली नायक शोधाशोध करतोय, आणि शँपेन संपली की नवरा तळघराकडे येणार.

"अगं, दोनच राहिल्या! वर ये!" मटार सगळीकडे. "आणि ती किल्ली आधी जुडग्यात लाव, नाहीतर त्याला कळेल!"

खाली एक बाटली फुटली. दारूऐवजी वाळूसारखं काहीतरी. मी पुटपुटलो, युरेनियम.

"दारूच्या बाटलीत? लेबल न बदलता? अहो, स्टॉक रजिस्टरला दाखवलं कसं असेल..."

"गप्प बसा हो!" सासूबाई कडाडल्या. "पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना रजिस्टर सुचतंय!"

सासरे सिनेमा संपेपर्यंत खरंच गप्प बसले. पुढच्या शनिवारचा सिनेमा मात्र ते निवडणार आहेत. नायकाला खुर्चीला बांधल्यावर खलनायक त्याला सगळा बेत का समजावून सांगत बसतो, याची त्यांना रीतसर चौकशी करायची आहे.