एवढा एक चौकोन करून बघू

धुळीने माखलेल्या गाडीवर कोणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून जातं. आपण हसतो आणि एके दिवशी खरंच गाडी धुतो. धूळ जाते. ‘मला धुवा’ जात नाही. बोटाखालची धूळ म्हणजे बारीक वाळूच, आणि तिने ती अक्षरं रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, नीट कोरून ठेवलेली असतात. आमच्या लाल गाडीच्या बॉनेटवर हा मजकूर काना-उकारांसकट उमटला होता. स्वच्छ धुतलेली गाडी ‘मला धुवा’ म्हणत गावभर हिंडायला लागली, तेव्हा घरात विषय निघाला.

“रंगवून तरी घ्या, नाहीतर विकून तरी टाका,” असं बायकोचं मत पडलं. मी तिसरा मार्ग काढला. स्वतः घासायची, तीही हाताने, मशीन न लावता. नवशिक्याच्या हातात मशीन दिलं की रंग जळतो. कडा आणि उंचवट्यांवर रंग मुळात पातळ असतो, तिथे फिरती चकती बघता बघता प्रायमर उघडा पाडते. हाताने एवढं नुकसान करायचं तर दंडात फार ताकद लागते. ती माझ्यात नाही. म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीने या कामाला माझ्याइतका योग्य माणूस नव्हता.

आपण नेमकं काय घासणार आहोत, हे मी आधी वाचून काढलं आणि गाडीकडे बघायची छातीच होईना. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर बिनरंगाचा क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे गाडीची सगळी अब्रू केसाहून पातळ पापुद्र्यावर उभी असते. आणि पॉलिश करायचं म्हणजे वरून चमक लावायची नसते, हाच पापुद्रा आणखी झिजवायचा असतो. ओरखडा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं घासून त्याच्या पातळीला आणलं की तो दिसेनासा होतो. सुधारणेची ही पद्धत मला काही कचेऱ्यांतून आधीच परिचित होती.

धुण्यालाही शास्त्र आहे. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची, आणि हात वरून खाली. खालच्या भागातली वाळू वर नेली तर नवे ओरखडे आपणच काढतो. हे मी घरात समजावून सांगितलं. बादल्या मिळाल्या नाहीत, फक्त “अंघोळी झाल्यावर बघू” एवढं उत्तर मिळालं.

धुतल्यावर हाताला प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवायचा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी गाडी पिशवीतून खरखरीत लागते. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, असलं बरंच काही रंगाला घट्ट धरून बसलेलं असतं. लोखंडावर एक फवारा मिळतो. तो मारला की कण जांभळे होऊन ओघळतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. लाल गाडीवरून जांभळे ओघळ आणि वर हा वास, हे पाहून शेजारच्या काकू खिडकी लावताना म्हणाल्या, “अगंबाई, कुणाला लागलं का हो?” उरलेल्या कणांसाठी क्ले बार. हा एक मऊ गोळा असतो. पत्र्यावर निसरडं पाणी मारून तो अलगद फिरवायचा. तो जमिनीवर पडला की सरळ फेकून द्यायचा, कारण एकदा खडा चिकटला की तो गोळा पॉलिश पेपरचं काम करतो. माझी बोटं ओली होती आणि गोळाही निसरडा होता. पुढचं सांगत नाही.

आता मुख्य काम. जाणकार सांगतात, सगळी गाडी एकदम अंगावर घेऊ नका. टेप लावून दोन फुटांचा एक चौकोन आखा, तेवढाच करून बघा आणि मग ठरवा. ऐकायला हा सल्ला फार समंजस वाटतो. मी बॉनेटच्या बरोबर मध्यावर चौकोन आखला. फोमच्या पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या मलमाचे, वाटाण्याएवढे ठिपके घेतले आणि सावलीत, थंड पत्र्यावर, आधी उभे आणि मग आडवे हात मारले. दाब द्यायचा, पण घाई करायची नाही. कंपाउंड वाळायच्या आत पुसायचं. पुसलं, टेप काढली. आत ‘ला’ आणि ‘धु’ नाहीसे झाले होते आणि ढगांसकट आकाश दिसत होतं.

नेमका इथेच माणूस फसतो. त्या चौकोनाची चमक डोळ्यांत भरते न भरते तोच उरलेली गाडी भिकाऱ्यासारखी दिसायला लागते. काल तिचा रंग नुसता ‘जरा मळलेला’ होता, आज ती बघवत नाही. आणि मागे फिरायची सोय नाही, कारण मळवण्याचं कंपाउंड कुठे मिळत नाही. एका बाजूला ‘म’, दुसऱ्या बाजूला ‘वा’ आणि मध्ये आरसा, अशी गाडी घेऊन कुठे जाणार? ‘करून बघा आणि मग ठरवा’ यातलं ठरवण्याचं काम चौकोन स्वतःच करून टाकतो.

गाडीला पत्रा किती असतो, हे चालवताना कळत नाही. बॉनेट उभ्याने होतं. दरवाजाच्या वरच्या भागाला वाकावं लागतं, खालच्या भागाला मांडी घालावी लागते आणि बंपरच्या खालच्या कडेला तर आडवंच व्हावं लागतं. बॉनेट संपताना खांद्याची खबर लागली, फेंडरला मनगटाची, आणि मागच्या दरवाजाशी पोचलो तेव्हा ज्यांची नावं मला येत नाहीत असे स्नायू एकेक करून ओळख द्यायला लागले. कंपाउंडची पांढरी भुकटी नाकात जाते, भुवयांवर बसते आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पडली तर तिथेच मुक्काम करते. त्या पट्ट्यांना आधी टेप लावायची असते. हे ज्याला त्याला पहिली पट्टी पांढरी झाल्यावर कळतं.

रस्त्यात उकिडवा बसून गाडी घासणारा माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. “डिझेलचं फडकं मारा, चकाचक होईल,” असं एकजण चालता चालता सांगून गेले. होते खरी, तेलाने ओरखडे दबतात. तासाभरात त्यावर धूळ बसली की जैसे थे. दुसऱ्याने पिवळ्या हेडलाइटला टूथपेस्ट लावायला सांगितलं. त्यात तथ्य आहे, कारण टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. पण हेडलाइटची काच मुळात काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, आणि उन्हापासून जपणारा त्याचा वरचा थर गेला की ते पुन्हा पिवळं पडतं. हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. तेव्हापासून ते पलीकडच्या कडेने जातात. एक शाळकरी मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, “काका, तुम्हाला कोणी शिक्षा केलीय का?”

एक मात्र आहे. हाताने घासलं की गाडी बोलायला लागते. क्लिअर कोट असलेल्या रंगावर फडकं पांढरट राहतं. वर क्लिअर कोट नसेल तर घासताना रंगच फडक्याला लागतो. १९८० च्या दशकाआधीच्या बऱ्याच गाड्यांचं असंच होतं. आमची गाडी काही तेवढी जुनी नाही. सगळीकडे फडकं पांढरं येत होतं आणि डावीकडच्या पुढच्या दरवाजावर ते लालभडक झालं. म्हणजे तो दरवाजा कधीतरी चेपला होता, लांबी भरून वरून स्वस्तातला रंग मारलेला होता. गाडी विकताना तिच्या आधीच्या मालकांनी त्याच दरवाजावर हात ठेवून मला सांगितलं होतं, “कुठे टच-अपसुद्धा नाही, साहेब.” शपथेला त्यांनी दरवाजा मात्र बरोबर निवडला होता.

मागच्या चाकाच्या कमानीवर रंग फुगला होता. खाली गंज होता. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून रंगाला ढकलतो. तिथे पॉलिशचा काडीचा उपयोग नाही, पत्रा खरवडून नव्याने रंग द्यावा लागतो. मी पॉलिश केलं. आता तो फुगवटा चमकतो.

शेवटी वॅक्स. कार्नौबा नावाचं मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच ते अंगावर चढवतं. ८० अंश सेल्सियसच्या वर जाईपर्यंत ते वितळतही नाही. ते पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं, आणि मग गाडीवर उगाचच तांब्याने पाणी ओतून थेंब टपटप घरंगळताना बघायचं. हा शेवटचा भाग कोणत्याही डब्यावर छापलेला नसतो, पण तो केल्याशिवाय कोणी थांबल्याचं मला माहीत नाही. मीही बादलीभर पाणी थेंबाथेंबाने संपवलं. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली, दरवाजात स्वतःचे केस सारखे केले आणि “बरी झालीय” म्हणाली. आमच्या घरात याच्यावरचा शेरा नाही.

राहिला टप. उन्हाने तिथला क्लिअर कोट पार उठला होता आणि त्याचे पांढरे पोपडे सुटले होते. असा उठलेला थर जगातल्या कुठल्याही कंपाउंडने परत बसत नाही, घासावं तसे पोपडे वाढतातच. टपाला नव्याने रंगच हवा, आणि ते माझ्या दंडाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. पण जमिनीवरून टप दिसतो कोणाला? रस्त्यावरून जाणाऱ्याला आमची गाडी आता नवी वाटते. दोघा-तिघांनी थांबून कुठे रंगवली ते विचारलं आणि मी दंड चोळत उत्तर दिलं.

पहिल्या मजल्यापर्यंत माझी इभ्रत शाबूत आहे. त्याच्या वरच्या लोकांबरोबर लिफ्टमध्ये जाणं मी सध्या टाळतो. परवा चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातच गाठलं आणि काळजीने खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अरे, एवढं घासतोयस रोज, आम्ही बघतो वरून. पण झालं की नाही काही? आम्हाला तरी तशीच दिसते बुवा.”