गाडी गरम आहे ना? मग घेऊन टाका

सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यायला निघालात? अभिनंदन. बरोबर मेव्हण्याला न्या. तो टायरला लाथ मारेल, दार दोनदा आपटून "पत्रा सॉलिड आहे" म्हणेल, डिकीतली स्टेपनी बघेल. एवढी तपासणी पुरे. याहून जास्त केली तर एजंटाचं मन दुखावतं.

गिअरबॉक्सकडे तर फिरकूच नका. क्लचचं पेडलच नाही, मग बिघडणार काय?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. निघण्याआधी अर्धा तास फोन करून "येतोय" असं कळवा. म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत गाडी पुसलेली, एसी गार आणि इंजिन मस्त तापलेलं असेल. मीही कळवलं होतं. बोनेटवर हात ठेवला असता तर चटका बसला असता, पण म्हटलं, आपण काय ताप बघणारे डॉक्टर आहोत? डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकताच गाडीने तो असा पकडला की मेव्हणा "लोणी!" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये त्या लोण्याचं ताक झालं. आर, म्हणजे रिव्हर्स, टाकला. काही नाही. एक. दोन. तीन. मग पाठीत गुद्दा बसावा तसा धप्प. कशीबशी बाहेर काढून रॅम्प चढायला लागलो तर वरून समोर दुसरी गाडी. थोडं मागे घेतलं, ती गेली, पुन्हा डी टाकला आणि सवयीने ब्रेक सोडला. गिअर कुठे होता देवाला ठाऊक, गाडी मात्र उलटी उताराला लागली. वॉचमन "साहेब, ब्रेक! ब्रेक!" ओरडत वीट घेऊन धावला. आता तो रोज सकाळी मला बघितलं की आधी वीट शोधतो. गिअरबॉक्सच्या आतली रबरी सीलं वयाने कडक झालेली, गार असताना दाब धरत नाहीत. तेलाचा दाब आतल्या क्लचपर्यंत (पेडल नसलं तरी क्लच असतोच) पोचायला तीन सेकंद लागतात. तापली की सीलं नरमतात आणि गाडी शहाण्यासारखी वागते. हे मला मेकॅनिकने सांगितलं. एजंटाला आधीपासून माहीत होतं, म्हणूनच तर तो माझ्या स्वागतासाठी गाडी तापवत बसला होता! आणि मी? मी त्याला वेळ कळवून ती सोय करून दिली.

गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारू नका. "लाइफटाइम आहे" म्हणतील. कोणाची लाइफ, तेही विचारू नका.

तेलाचा रंग बघायचा आग्रह नको, लाल असो की जळक्या वासाचं काळपट, तेल ते तेलच.

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला माणूस आणू नका, कोड पुसायला त्यांना दोन मिनिटं लागतात, उगाच कष्ट.

चक्कर मारताना एजंटालाच चालवू द्या. तो गाडी सुरू करून, डी टाकून मगच तुमच्यासमोर आणेल. तुम्ही शेजारी बसून स्टिरिओचं कौतुक करायचं. गिअर उशिरा पडल्याची शंका आलीच, तर "ऑटोमॅटिकला थोडा टाइम लागतोच, सर" हे वाक्य तयार असतं. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणारी ऑटोमॅटिक, आपल्याकडे आली, तेव्हापासून या वाक्याची चलती आहे. एएमटीत गिअर बदलताना मान डोलते, हे खरं. पण माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पुढे पोचवणारी! शेजाऱ्याचा खोकला दाखवून स्वतःचा दमा लपवायचा हा प्रकार.

मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल, ९० हजारांच्या आत काही होत नाही. एजंटाला फोन केला. "तुम्ही बघूनच घेतलीत ना, सर?"

हो, बघूनच घेतली. मेव्हण्याने लाथसुद्धा मारली होती.

आता गंमत पुरे. सात-आठ लाख मोजताय आणि तीन सेकंद मोजायला लाज वाटते? भाजीवालीकडे भेंडीची शेपटं मोडून बघता, आंबा नाकाला लावता, मग इथेच कसली भीड? न कळवता जा, सकाळी लवकर जा. बोनेट गरम लागलं तर "संध्याकाळी येतो" नका म्हणू, दुसऱ्या दिवशी सकाळी या आणि किल्ली स्वतः फिरवा. एसी आणि गाणी बंद. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट, पुढे-मागे कोणी उभं नको. इंजिन स्थिरावलं की एन, म्हणजे न्यूट्रल, मधून डी टाका, अॅक्सिलरेटरला हात-पाय काही लावू नका, आणि मोजा. साधारण सेकंदाभरात गाडी हलकेच दबली पाहिजे, इंजिनचा आवाज किंचित उतरला पाहिजे. पुन्हा एन, मग आर, तसंच. तीनपर्यंत पोचलात किंवा धप्प झालं तर किल्ली टेबलावर ठेवा आणि निघा. नाही झालं तरी अर्धा तास रहदारीत फिरवून आणा आणि परत मोजा, कारण काही गिअरबॉक्स तेल तापून पातळ झाल्यावरच रंग दाखवतात.

एजंट घड्याळ बघेल, "सर, दुसरी पार्टी थांबलीये" म्हणेल. थांबू दे. आणि तो चहा मागवेल, तो आधी पिऊ नका. चहा पोटात गेला की खोट काढायला जीभ वळत नाही.