परदेशातून : मदतीचा उतार आणि मदतीची पायरी

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की समानतेच्या बाबतीत भारत जगात चौथा आहे. आधार होता जागतिक बँकेच्या गिनी निर्देशांकाचा (आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) : भारत २५.५, चीन ३५.७, अमेरिका ४१.८. इथे अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवरही ही बातमी अभिमानाने फिरली, आणि विरोधकांनी ती तितक्याच जोरात खोटी ठरवली. खरं तर आकडे खोटे नाहीत, पण त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. भारताचा गिनी घरखर्चाच्या पाहणीतून येतो, तर अमेरिकेचा उत्पन्नाच्या.

फरक किती पडतो ते बघा. महिन्याला दहा हजार कमावणारं घर दहाच्या दहा हजार खर्च करतं, तर दहा लाख कमावणारं घर समजा तीन लाख खर्च करतं आणि बाकीचे फंडात किंवा जमिनीत टाकतं. उत्पन्नात ही दोन घरं शंभर पटींनी दूर, खर्चात तीसच पटींनी. शिवाय सर्वात श्रीमंत घरं पाहणीवाल्यांना दार उघडत नाहीत, ही अडचण सगळीकडचीच. करविवरणपत्रांचाही आधार घेऊन पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने २०२२-२३ साठी वरच्या एक टक्का भारतीयांचा उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के काढला. ती पद्धतही वादातीत नाही, पण निदान उत्पन्नाबद्दल बोलते.

दारिद्र्यरेषेचा घोळ याहून जुना. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० कॅलरींचा हिशोब धरून रेषा मांडली : १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. अमेरिकेत मॉली ऑर्शान्स्की यांनी १९६३-६४ मध्ये जवळपास हेच केलं होतं. सरकारी तक्त्यातला सर्वात स्वस्त आहार घेतला आणि त्याला तीनने गुणलं, कारण तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा खाण्यावर जात असे. पुढे रेषा महागाईप्रमाणे सरकत राहिली, पण तो तिसरा हिस्सा कधीच इतिहासजमा झाला. आज इथल्या घराचं कंबरडं मोडतं ते भाडं, आजारपण आणि पाळणाघर यांनी.

रेषा कुठे ओढली यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते रेषेला लावून काय मोजलं. अमेरिकेचं अधिकृत मोजमाप करापूर्वीचं रोख उत्पन्न बघतं. अन्नकुपनं (स्नॅप), घरभाड्याची मदत, करातून मिळणारा परतावा यांतलं काहीच त्यात धरत नाहीत. म्हणजे सरकारने कितीही धान्य दिलं तरी अधिकृत गरिबी तसूभर हलत नाही, आणि मग ‘एवढे पैसे ओतून काय मिळालं?’ असं विचारायला राजकारणी मोकळे. २०११ पासून जनगणना विभाग एक पूरक मोजमापही देतो, ज्यात मदत मिळवतात आणि कर, औषधपाणी, कामावर जाण्याचा खर्च वजा करतात. २०२१ मध्ये मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवून तिचा अर्धा भाग जुलै ते डिसेंबर दरमहा थेट खात्यात टाकला : मूल सहा वर्षांखालचं असेल तर ३०० डॉलर, मोठं असेल तर २५०. त्या वर्षी पूरक मोजमापाने बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. योजना संपली, आणि २०२२ मध्ये ते १२.४ झालं. याच दोन वर्षांत अधिकृत आकडा १५.३ वरून १५.० झाला. म्हणजे एका फुटपट्टीवर गरीब मुलं दुपटीहून वाढली आणि दुसरीवर किंचित घटली.

आपल्याकडे उलटं आहे. खर्च मोजायचा तर रेशनमुळे वाचलेला पैसा दुसरीकडे खर्च होऊन आपोआप मोजला जातो, आणि २०२२-२३ पासून फुकट मिळालेल्या धान्याची किंमत धरलेला वेगळा आकडाही देतात. हे चांगलंच आहे. पण पाहणीची पद्धतही बदलली आहे. तेंडुलकर समितीची २०११-१२ ची रेषा (खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये, शहरात १,०००) ज्या पद्धतीवर बेतली होती, तिच्यात खाण्याचे सगळे पदार्थ ‘गेल्या तीस दिवसांत किती?’ असे विचारले जात. आता भाजी, फळं, अंडी, मासे, तेल यांचा हिशोब सात दिवसांचा विचारतात. महिन्याभराची भाजी कुणाला आठवते? आठवड्याची आठवते, म्हणून खर्च जास्त नोंदला जातो. प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्याने किती फरक पडतो? जागतिक बँकेने दिवसाला माणशी १.९० डॉलरच्या जुन्या रेषेवर २०११-१२ ची भारतातली गरिबी जुन्या प्रश्नावलीने २१.२ टक्के आणि नव्या प्रश्नावलीने १२.४ टक्के काढली होती. वर्ष तेच, देश तोच. तेव्हा जुना २१.९ टक्क्यांचा सरकारी आकडा आणि नव्या पाहणीचे आकडे शेजारी ठेवून ‘गरिबी संपली’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. गरिबी घटली आहे, यात शंका नाही. किती घटली, हा वाद आहे.

आता ‘रेवडी’, म्हणजे सरकारी मदत ही नुसती फुकटवाटप असल्याचा आरोप. इथल्या मदतीचं एक वैशिष्ट्य तिकडच्या चर्चेत येत नाही : ती उताराने कमी होते. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षात चौघांच्या घराला स्नॅपची कमाल मदत महिना ९७५ डॉलर होती. महिना २,४०० डॉलर पगार असेल तर त्यातला २० टक्के भाग आधी सोडतात, मग २१७ डॉलरची सरसकट वजावट. उरले १,७०३. त्याचे ३० टक्के, म्हणजे ५११, घराने स्वतः खर्च करावेत असं गृहीत धरून बाकीचे ४६४ कार्डावर येतात. पगार ३,००० झाला तर ३२० येतात. सहाशे जास्त कमावले, १४४ गेले, तरी हातात वाढच. अर्थात हा उतारही एका पायरीपाशी संपतो. त्या वर्षी अमेरिकी केंद्र सरकारची उत्पन्नमर्यादा महिना ३,३८० डॉलर होती, आणि तिच्या एक डॉलर वर गेलं की उरलेले सव्वादोनशेच्या आसपास एकदम बंद. म्हणून बऱ्याच राज्यांनी ती मर्यादा वर ढकलली आहे.

महाराष्ट्रात पायऱ्याच पायऱ्या. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. दोन लाख एकोणपन्नास हजारांवर वर्षाला १८,००० मिळतात, दोन लाख एक्कावन्न हजारांवर शून्य. अन्नसुरक्षा कायदा लागू झाला तेव्हा राज्याने ‘प्राधान्य कुटुंबा’साठी, म्हणजे स्वस्त धान्याच्या हक्कदारांसाठी, ठरवलेली मर्यादा आणखी अजब : खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००, वर्षाला, अख्ख्या कुटुंबाची. ५९ हजार म्हणजे महिना पाच हजारही नाहीत, आणि २०२३-२४ च्या पाहणीत शहरी भारतीयाचा माणशी सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये आहे. एवढी खाली पायरी ठेवली की दाखल्यावर खरं उत्पन्न लिहिणारा मूर्ख ठरतो. तलाठ्याच्या अहवालात आणि तहसीलदाराच्या सहीत मग सगळं गाव पायरीच्या आतच उभं असतं.

मग आपणही उतार आणावा का? मला नाही वाटत. उताराला दर महिन्याची पगारपत्रकं लागतात, आणि रोजंदारीवर, शेतीवर, हातगाडीवर ती कुठून आणणार? आणि इथेही कागद माणसाला खातोच. कोविडकाळात थांबवलेली मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, फेरतपासणी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन कोटींहून जास्त लोक यादीतून गेले. त्यांतल्या बहुसंख्यांचं उत्पन्न जास्त निघालं नव्हतं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म वेळेत परतला नाही, एवढंच. लाडकी बहीणच्या ई-केवायसीकडे बघताना हे ध्यानात ठेवलेलं बरं : वगळलेलं प्रत्येक नाव बोगस नसतं.

आपल्या हाताशी दोन साधनं आहेत, ती वापरावीत. एक, डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा नोंदीतून तपासता येणाऱ्या निकषांनी वगळणं : आयकर भरणारा, सरकारी नोकरी, ट्रॅक्टर सोडून चारचाकी. हे निकष लाडकी बहीणमध्ये आहेतच, त्यांच्या जोडीला उत्पन्नाचा दाखला कशाला? दुसरं, रोजगार हमी. १९७७ चा तो कायदा आपल्याच राज्याचा, आणि तिथे गरिबी सिद्ध करावी लागत नाही. उन्हात माती उपसायला जो येतो, त्याचा दाखला कुणी मागत नाही. म्हातारे, अपंग आणि बाळंतिणींना मात्र ही चाळणी चालत नाही, त्यांच्यासाठी रोख मदतच हवी.

त्या रोख मदतीचं मोजमाप होईल तेव्हा एक गंमत होणार आहे. महिन्याच्या १५०० रुपयांतून डाळ-तेल आणलं तर घरखर्चाच्या पाहणीत ते घर थोडं वर सरकेल. त्याच पैशातून बचतगटाच्या कर्जाचा हप्ता फेडला तर पाहणीत काहीच दिसणार नाही, कारण हप्ता हा खर्चात धरत नाहीत.