करारावर सही, तार मात्र अर्धीच

एप्रिल २०१७ मध्ये जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवरांचा वेध घेतला, तेव्हा जमलेला काही पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट) डेटा इंटरनेटच्या जाळ्यावरून न जाता हार्ड डिस्कच्या पेट्यांतून, विमानाने, अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतील बॉनमध्ये पोहोचला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या आणि डिसेंबरमध्ये हाती आल्या. पाच पेटाबाइट पाठवायला सेकंदाला दहा गिगाबिटचा मार्ग अखंड मोकळा मिळाला, तरी सेहेचाळीस दिवस लागतात. शंभर गिगाबिटचा मिळाला तर पाच दिवसही लागत नाहीत. असे मार्ग युरोपात जीआंट आणि अमेरिकेत ईएसनेट या संशोधनासाठीच्या वेगवान जाळ्यांकडे आहेत, पण दुर्बिणी असतात डोंगरमाथ्यावर आणि बर्फात, जिथे ती जाड तार पोहोचलेलीच नसते.

दुर्बिणींचे एक वेळ समजू शकते. शहरातल्या प्रयोगशाळांची अडचण वेगळी आणि माझ्या मते अधिक लाजिरवाणी आहे. आमच्याकडे परदेशातून येणारा डेटा इतका रेंगाळत असे, की दोन आठवडे आम्ही समोरच्यांनाच सौजन्यपूर्ण भाषेत दोष देत राहिलो. शेवटी दोष निघाला आमच्याच इमारतीतल्या फायरवॉलमध्ये. कार्यालयीन ईमेल आणि ब्राउझिंग तपासण्यासाठी बसवलेले ते यंत्र दिवसभर चालणाऱ्या एकाच अजस्र प्रवाहापुढे दमून अधूनमधून पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देत होते.

एखादे पॅकेट हरवल्याने एवढे काय बिघडते, असे वाटू शकते. जाळ्यावर डेटा पोहोचवण्याची पारंपरिक पद्धत, टीसीपी, मात्र पॅकेट हरवले की वाट तुंबली असे समजून वेग निम्म्यावर आणते आणि पॅकेट मिळाल्याची पोच परत येईल तसतसा तो हळूहळू वाढवते. शेजारच्या इमारतीतून पोच क्षणार्धात येते, समुद्रापलीकडून येताना तिला शंभरपट वेळ लागू शकतो. म्हणून तोच दोष स्थानिक चाचणीत दिसत नाही आणि दूरच्या सहकाऱ्याला नेमका भोवतो. ईएसनेटच्या अभियंत्यांनी नोंदवलेल्या एका प्रकरणात बावीस हजारांत एक पॅकेट हरवत होते आणि तेवढ्याने लांब पल्ल्याचा वेग कोलमडला होता. विज्ञानाच्या डेटासाठी, स्वतंत्र सुरक्षा नियमांसह, संस्थेच्या वेशीवरच वेगळी वाट काढावी, या त्यांच्या ‘सायन्स डीएमझेड’ रचनेमागचे कारण हेच आहे.

सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रयोगांचा डेटा चाळीसहून अधिक देशांतल्या केंद्रांत वाटला जातो, कारण तिथे जाळे हा प्रयोगाचाच भाग मानला गेला. इतरत्र संशोधन-सहकार्याच्या करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात, आणि ज्याच्याकडे डेटा वेळेत येत नाही तो भागीदार दुसऱ्याच्या संगणकावर परवानगीच्या रांगेत उभा राहतो. शोधनिबंधावर त्याचे नाव येते, पण प्रश्न कोणता विचारायचा हे त्याच्या हाती उरत नाही. म्हणून सहीच्या आधी दोन्ही टोकांच्या यंत्रांदरम्यान आठवडाभर पर्फसोनार या जाळ्याचा वेग आणि हरवलेली पॅकेट मोजणाऱ्या साधनाने मोजमाप घ्यावे आणि ते आकडे करारालाच जोडावेत, एवढी माझी मागणी आहे.