खरी मेख वजनकाट्यापाशी

कचऱ्याच्या प्रत्येक फेरीची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेल्या सामायिक नोंदवहीत, ठेवली की पालिकेच्या बिलांतली हेराफेरी थांबेल, असं एका लेखात म्हटलंय. मला अर्धंच पटलं. एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही, हे खरं. गाडीने उचललेलं, वर्गीकरण केंद्रात उतरलेलं आणि कारखान्याने घेतलेलं वजन एकाच साखळीत आलं, तर मधे गायब झालेले टन लगेच दिसतील.

पण पहिलाच आकडा खोटा असेल तर? भिजलेला पुठ्ठा काट्यावर कोरड्यापेक्षा कितीतरी जड भरतो. बाटल्यांच्या पोत्यात तळाशी दोन दगड घातले की झालं! मग ती खोटी नोंदही तितकीच पक्की होऊन बसते. म्हणून काटा थेट यंत्रणेला जोडलेला हवा, हाताने आकडा भरायची सोयच नको. आणि अधूनमधून पोतं उघडून बघणारा माणूस तर हवाच हवा.

ब्लॉकचेन भरमसाट वीज खाते, ही भीती बिटकॉइन या आभासी चलनावरून आलीय. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये नोंदी पडताळायची पद्धत बदलली आणि वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा भाग कचरावेचकांचा, आणि लेखात तोच दोन ओळींत उरकलाय. २०१३ साली स्थापन झालेल्या प्लास्टिक बँक या संस्थेने हैती या कॅरिबियन देशापासून सुरुवात करून हेच धरलं: प्लास्टिक आणून देणाऱ्याच्या नावावर वजन आणि मोबदला नोंदवायचा. पालिकेनेही इथूनच सुरुवात करावी. आपलं पोतं किती भरलं आणि त्याचे किती मिळाले, हे वेचणाऱ्या बाईला तिथल्या तिथे, तिच्या भाषेत दिसलं पाहिजे.